आजीसाठी प्रार्थना करायची, म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा का?

आजचं वाचन : दुसरे मक्काबी, अध्याय १२, वचनं ३८ ते ४६



नोव्हेंबर हा आपल्या ख्रिस्तसभेत मृतांच्या आठवणीचा महिना. २ तारखेला आपण कबरस्थानात जाऊन आलो, मेणबत्त्या लावल्या, झेंडूची फुलं वाहिली. आता हळूहळू महिना पुढे सरकेल आणि आपण आपापल्या डेडलाइनमध्ये बुडून जाऊ. त्याआधी आजच्या वाचनापाशी थोडं थांबू या. मृतांसाठीच्या मिस्सेत या उताऱ्याचा शेवटचा भाग आपण ऐकतो. पण त्याच्या आधी काय घडलं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली ही घटना. यहूदा मक्काबी आणि त्याचे लोक आपल्या श्रद्धेसाठी लढत होते. एका लढाईत त्यांची काही माणसं पडली. शब्बाथ पाळून झाल्यावर ते आपल्या साथीदारांचे देह उचलायला गेले, त्यांना पूर्वजांच्या कबरींत पुरायचं होतं. देह उचलताना दिसलं की प्रत्येकाच्या अंगरख्याखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत बांधलेले आहेत. नियमशास्त्राने मना केलेली वस्तू. एका देवासाठी लढायला निघालेल्या या माणसांनी कपड्याखाली दुसऱ्याच देवाचा आधार लपवून ठेवला होता.

आता विचार करा, तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? दोन सोपे मार्ग होते. एक म्हणजे ताईत गुपचूप काढून टाकायचे, कोणाला सांगायचं नाही, आणि घरी जाऊन ‘आमचे वीर’ म्हणून गौरव करायचा. दुसरा मार्ग, ‘यांची हीच लायकी’ म्हणून देह तिथेच टाकून निघून यायचं. यहूदाने दोन्ही केलं नाही. झाकलेलं उघड करणाऱ्या न्यायी देवाची त्यांनी स्तुती केली, म्हणजे घडलं ते नाकारलं नाही. मग हे पाप पुरतं पुसलं जावं म्हणून प्रार्थना केली. आणि मग यहूदाने प्रत्येकाकडून वर्गणी गोळा केली, चांदीचे सुमारे २००० द्राख्मा, आणि ते यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवले. ग्रंथकार म्हणतो की हे मेलेले पुन्हा उठणार अशी आशाच नसती, तर त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यात काही अर्थ नव्हता.

हा उतारा वाचला की मला माझी आजी आठवते. आजी गेली त्याला आता दुसरा नोव्हेंबर. ८७ वर्षांची होती.

आमची आजी वसईची. लाल लुगडं, कानात सोन्याच्या जड कुड्या, आणि हाताला कायम मातीचा किंवा केळीच्या चिकाचा वास. लग्न होऊन आली तेव्हा घरासमोर वाडी होती, केळी आणि पानवेली. पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन ती मुंबईला भाजी विकायला जायची आणि दुपारी परत येऊन वाडीत पाणी लावायची. पाच मुलं वाढवली, सगळ्यांना शिकवलं. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली, मग मराठी आली. पण म्हातारपणीसुद्धा तिला लॅटिनमधली उत्तरं तोंडपाठ होती. अर्थ विचारला की म्हणायची, “मला नाही कळत. पण ज्याला म्हणायचं त्याला कळतं ना!”

तिच्या घरून कोणी उपाशी गेलं नाही. वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बायकांना ती आधी जेवायला वाढायची, मग कामाला लावायची. माझी इंजिनीअरिंगची पहिली फी भरायची होती तेव्हा तिने काही न बोलता पाटल्या काढून बाबांच्या हातात दिल्या. मला प्रार्थना करायला तिने शिकवलं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल तीमथ्याच्या विश्वासाचं मूळ त्याच्या आजीपर्यंत, लोईसपर्यंत नेऊन पोचवतो. ते वचन कधीही ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर लोईस म्हणून लाल लुगडंच येतं.

तर अशी आजी. ती गेल्यावर वर्षभराने आत्या म्हणाली, “आईच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगू या.” तेव्हा माझा चुलतभाऊ पटकन बोलला, “आजीला कशाला लागते मिस्सा? ती स्वर्गात नसेल तर मग कोण आहे? तिच्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे तिच्यावर डाउट घेण्यासारखं आहे.”

प्रश्न बिनतोड वाटतो. आपल्या पिढीत बहुतेकांना असंच वाटतं. माणूस गेलं की संध्याकाळच्या आत स्टेटसवर ‘अजून एक देवदूत स्वर्गात’ असं येतं. (जाता जाता : आपली शिकवण अशी की माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. तो माणूसच राहतो, आणि माणूस म्हणूनच पुनरुत्थानाची वाट बघतो.) यात प्रेमच असतं, मला त्याची थट्टा करायची नाही. पण भावाच्या प्रश्नाने मला विचारात पाडलं, कारण मला आजीची एक गोष्ट माहीत होती. ती त्यालाही माहीत होती. घरात सगळ्यांना माहीत होती.

आमच्या आणि चुलत आजोबांच्या वाडीत मिळून एक विहीर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात पाळीवरून आजीचं आणि तिच्या जावेचं वाजलं. त्या जावेला आम्ही मुलं ‘धाकटी आजी’ म्हणायचो. कोणाचं बरोबर होतं ते आज कोणीच सांगू शकत नाही. पण आमच्या पानवेली करपल्या, आणि आजीने धाकट्या आजीशी बोलणं टाकलं. एक-दोन वर्षं नव्हे, १९ वर्षं.

गंमत म्हणजे आम्हा मुलांना तिने कधी अडवलं नाही. आम्ही त्या घरी खेळायचो, जेवायचो. सणाला आजी आमच्या हातून तिकडे ताट पाठवायची आणि तिकडून आलेलं ताट मुकाट्याने खायची. फक्त स्वतः तो उंबरठा ओलांडायची नाही. चर्चमध्ये दोघी बायकांच्या बाजूला, एकाच बाकावर किंवा पुढच्या-मागच्या. मिस्सेत शांतीचं चिन्ह देताना आपण हात जोडून शेजाऱ्याकडे वळतो ना, तेव्हा आजी उजवीकडे वळायची, मागे वळायची. डावीकडे धाकटी आजी असली तर डावीकडे वळायची नाही. आणि नंतर रांगेत उभी राहून ख्रिस्तशरीर घ्यायची. मी १२-१३ वर्षांचा असताना हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून दर रविवारी त्या क्षणी माझं लक्ष आजीच्या मानेकडे असायचं.

धाकटी आजी आधी गेली. दोघींचा समेट झाला नाही. आजी अंत्यविधीला आली, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली, कबरीत मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता घरी गेली.

मित्रांनो, आता या आजीचं काय करायचं? अंगरख्याखालचा ताईत सापडला आहे.

पहिला मार्ग झाकायचा. आपण बहुतेक वेळा हाच धरतो. आजीच्या स्मरणकार्डासाठी फोटो हवा होता, तेव्हा घरातल्या एका मुलाने तो एका अॅपमधून काढला. सुरकुत्या गेल्या, रंग उजळला, हनुवटीवरचा व्रण गेला. हा व्रण स्टेशनवर टोपलीसकट पडली होती तेव्हाचा. आत्याने फोटो हातात घेतला, बघितला आणि परत दिला. म्हणाली, “ही कोण? ही माझी आई नाही.” चेहऱ्याचं जे होतं तेच स्वभावाचंही होतं. सगळे व्रण पुसून जी उरते ती छान दिसते, पण तिला कोणी ओळखत नाही. तिच्यावर प्रेम करता येत नाही, कारण ती कधी जगलीच नाही.

दुसरा मार्ग निकाल लावायचा. ‘एवढी जपमाळ ओढायची आणि जावेशी बोलायची नाही, ढोंगच सगळं.’ हेही गावात बोललं गेलं आहे. पण त्या पाटल्या ढोंग नव्हत्या. आधी वाढलेली ती ताटं ढोंग नव्हती. माणसाच्या एका गाठीवरून त्याचं सगळं सूत खोटं ठरवणं हाही एक खोटेपणाच आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक चांगली रीत आहे. सिस्टीम बंद पडली की नंतर टीम बसून पोस्टमॉर्टेम लिहिते. नियम दोन : घडलं त्यातलं काही लपवायचं नाही, आणि कोणा एकाला सुळावर चढवायचं नाही. हे मला नेहमी थोडंसं ख्रिस्ती वाटतं. पण यहूदा मक्काबी याच्याही पुढे जातो. तो नुसता अहवाल लिहून थांबत नाही, कमरेची थैली सोडतो. गेलेल्या मित्रांच्या पापाचा भार जिवंत मित्र आपल्या अंगावर घेतात. जणू म्हणतात, हे आमचे आहेत, यांचं जे काही बाकी आहे त्यात आमचाही वाटा धरा.

हाच तिसरा मार्ग. यात सत्यही राहतं आणि माणूसही राहतं. भावाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. मृतांसाठी प्रार्थना करणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं नाही. ती डोळे उघडे ठेवून केलेली माया आहे.

संत ऑगस्टिनकडे बघा. त्याची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया इथे वारली. आज आपण तिला संत मानतो. जिच्या अश्रूंनी मुलगा देवाकडे वळला ती ही आई. पण ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात तिच्याबद्दल लिहिताना ऑगस्टिन सगळ्यात आधी काय सांगतो? लहानपणी तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवायचे, तेव्हा ती चोरून घोट घोट घ्यायची आणि तिला त्याची सवय लागली होती. एका दासीने टोचून बोलल्यावर तिने ती सोडली. आपल्यापैकी कोणी आईच्या स्मरणकार्डावर हे छापेल का? आणि तिच्या सगळ्या चांगुलपणाबद्दल देवाचे आभार मानून झाल्यावर तो म्हणतो की आता ते सगळं क्षणभर बाजूला ठेवून मी तिच्या पापांसाठी विनवणी करतो. मोनिकाचीही मागणी हीच होती. आपल्या गावी नवऱ्याशेजारी पुरलं जावं ही तिची जुनी इच्छा तिने शेवटी सोडून दिली. देह कुठेही ठेवा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढंच तिने मुलांना सांगितलं. स्तुती करा असं ती म्हणाली नाही. ख्रिस्तसभेचे मिस्साविषयीचे नियम अंत्यविधीच्या प्रवचनात मृताचं गुणगान नको म्हणतात, त्यामागेही हाच विचार असावा. वेदीपाशी आपण मृताची बाजू मांडणारे वकील म्हणून उभे राहत नाही. त्याच्यासाठी हात पसरणारे नातेवाईक म्हणून उभे राहतो.

‘शुद्धिस्थान’ म्हटलं की जुन्या चित्रांतल्या ज्वाळा आठवतात आणि आपल्याला संकोच वाटतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं २००७ सालचं ‘स्पे साल्वी’ हे परिपत्रक मिळालं तर त्याचा शेवटचा भाग जरूर वाचा. तिथे ते एक विचार मांडतात. ती आग म्हणजे कदाचित प्रभू येशूच असेल. त्याच्या नजरेसमोर उभं राहिल्यावर आपल्यातलं खोटं जळून जातं. ते दुखतं, पण त्याच दुखण्यात सुटका असते. आजीने १९ वर्षं डावीकडे मान वळवली नाही. मला वाटतं, प्रभू तिला तीच मान वळवायला मदत करत असेल. आणि डावीकडे कोण उभं असेल ते सांगायला नको.

मग तुम्ही विचाराल, त्यात आपल्या प्रार्थनेचं काय काम? देव आणि आजी बघून घेतील. बेनेडिक्ट यांचं उत्तर असं की कोणीच एकटा जगत नाही, एकटा पाप करत नाही आणि एकटा तारला जात नाही. आपली आयुष्यं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि मरणाने तो गुंता सुटत नाही. म्हणून दुसऱ्याच्या हृदयाला स्पर्श करायला कधीच उशीर झालेला नसतो. विश्वासांगिकारात आपण ‘संतांचा समागम’ म्हणतो तो हाच. आणि या वाटेवर वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. कॅथलिक श्रद्धाग्रंथ सांगतो की मृतांसाठी केलेली आपली प्रार्थना त्यांना मदत करते, आणि आपल्यासाठी त्यांनी केलेली विनवणीही त्यामुळे फलदायी होते. तेव्हा आजीसाठी प्रार्थना करा आणि आजीकडे आपलं गाऱ्हाणंही सांगा. दोन्ही चालतं. मी दोन्ही करतो.

एक शंका रास्त आहे. मग गेलेल्यांच्या चुका सांगत सुटायचं का? अजिबात नाही. सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचे दोष उघड करणं हे पापच आहे, आणि माणूस मेलं म्हणून त्याच्या अब्रूचा हक्क संपत नाही. आठवणीतलं सत्य आधी देवासमोर ठेवायचं असतं, फॅमिली ग्रुपवर नव्हे. मग मी इथे का लिहिलं? विहिरीचं भांडण गावाने पाहिलेलं आहे, ते गुपित नव्हतं. आणि लिहिण्याआधी मी आत्याला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “लिही. वाचून कोणीतरी एक नमो मारिया म्हणेल तिच्यासाठी.” ऑगस्टिननेही आपल्या वाचकांकडे हेच मागितलं होतं, आईची आणि वडिलांची वेदीपाशी आठवण करा म्हणून.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता जपमाळ असायची. ती संपली की आजी घरातल्या मृतांसाठी एकेक नमो मारिया म्हणायची, नाव घेऊन. सासऱ्यांसाठी, सासूसाठी, आजोबांसाठी, आणि सहा महिन्यांचं होऊन गेलेल्या तिच्या बाळासाठी. चार. धाकटी आजी गेली त्या आठवड्यापासून त्या पाच झाल्या. पाचवीला नाव नसायचं. मी एकदा विचारलं, “आजी, ही कोणासाठी?” तिने जपमाळ डबीत ठेवली आणि म्हणाली, “आहे एक.”

शेवटपर्यंत तिने नाव घेतलं नाही. तेवढी गाठ सुटली नाही. पण एकही संध्याकाळ ती पाचवी चुकली नाही. जिवंतपणी जो उंबरठा तिला ओलांडता आला नाही, त्याच्या दिशेने ती रोज एक पाऊल टाकत होती. मरणाने हिशेब मिटला असं तिने मानलं नाही. मग तिच्या बाबतीत आपण तरी का मानायचं?

आज एवढंच करा : तुमच्या एका गेलेल्या माणसाची आठवण काढा, फिल्टर न लावता. त्याची एक चांगली गोष्ट आणि एक न सुटलेली गाठ, दोन्ही मनात आणा. चांगल्या गोष्टीसाठी देवाचे आभार माना, गाठीसाठी एक नमो मारिया म्हणा. आणि ज्या जिवंत माणसाकडे तुमची मान वळत नाही, त्याच्यासाठी येत्या रविवारची वाट बघा. शांतीचं चिन्ह मिस्सेत दर रविवारी येतं.

प्रार्थना : हे दयाळू प्रभो, आमच्या आजी-आजोबांनी आम्हांला तुझं नाव शिकवलं, त्याबद्दल तुझे आभार. त्यांच्यात जे अपुरं राहिलं ते तू पुरं कर. जे त्यांना जिवंतपणी बोलता आलं नाही ते तुझ्यासमोर बोलायचं बळ त्यांना दे. आणि आमच्या गाठी आम्ही इथेच, वेळ आहे तोवर सोडवाव्यात, अशी कृपा आम्हांवर कर. आमेन.